चार आकड्यांचा स्टिरिओ

शिंप्याच्या गाडीचा आतला दिवा दोन दिवस चालू राहिला आणि बॅटरी बसली. बायकोने लगेच थोरल्या बहिणीच्या यजमानांना बोलावलं. हे साडू गणिताचे मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. ते आपली गाडी आणि जंपर केबल घेऊन पंधरा मिनिटांत हजर झाले. बॅटरीवर मळाचा थर होता. मास्तरांनी वाकून पाहिलं, चष्मा सारखा केला आणि चाळीस वर्षं मुलांना ज्या चुकीवरून ओरडले ती चूक स्वतः केली. अधिकचं उण्याला लावलं.

ठिणगी उडाली, वास आला. मास्तरांनी केबल काढून नीट लावली. गाडी सुरू झाली, स्टिरिओ मात्र मेला.

"तो आधीच जायला आला असेल," मास्तर म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "नाही. माझ्यामुळेच गेला."

शिवलेले कपडे पोचवायला जाताना रेडिओ ऐकायची शिंप्याला सवय होती. दोघांनी स्टिअरिंगखालची फ्यूजची पेटी उघडली. एक फ्यूज जळला होता. तो बदलल्यावर आतला दिवा लागला, स्टिरिओ नाही. मग शिंप्याने कपड्याची शिवण उसवावी तसा स्टिरिओ अलगद बाहेर ओढला. त्याच्या पाठीलाही एक नखाएवढा फ्यूज होता. तोही जळलेला. तो बदलला आणि पडदा उजळला. पडद्यावर अक्षरं आली : कोड टाका.

वीज तुटली की चार आकडी कोड मागायचा, ही त्या स्टिरिओची चोरांना अडवायला केलेली सोय होती. कोडचं कार्ड गाडीत नव्हतं. गाडी एका नर्सबाईंकडून घेतलेली, त्यांचा फोन लागेना. तीनदा चुकलं की यंत्र तासभर गप्प बसायचं.

मास्तरांनी खिशातून पेन काढलं. "दहा हजार शक्यता. तासाला तीन. रोज नऊ तास बसलो तर एक वर्ष आणि पाच दिवस."

"राहू द्या हो मास्तर."

"माझी चूक आहे. मी निस्तरतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ते वही घेऊन आले आणि दुकानासमोर गाडीत बसले. शून्य शून्य शून्य शून्यपासून सुरुवात. तीन कोड टाकायचे, वहीत फुली मारायची, बॅटरी पुन्हा बसू नये म्हणून थोडा वेळ इंजिन चालवायचं, मग वाट पाहायची. गिऱ्हाइकं विचारायची, "गाडीत कोण बसलंय?" शिंपी म्हणायचा, "साडू." पुढे कोणी विचारत नसे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी, मास्तर घरी गेल्यावर, नर्सबाईंचा फोन लागला. "शून्य तीन आठ सहा," त्या म्हणाल्या. "पाठच आहे मला."

शिंपी मास्तरांना सांगायला फोन उचलणार, तेवढ्यात मेहुणीचाच फोन आला.

"सापडला का हो कोड?"

"अजून... का?"

"घाई करू नका. गेले दोन महिने हे मला भांडी कशी रचायची ते शिकवत होते. आता रात्री जेवताना हसतात. सुखाने झोपतात."

शिंप्याने कापड बेतायच्या टेबलावर खडूने हिशेब मांडला. मास्तर एकशे सातवर थांबले होते. म्हणजे दहा दिवस आणि वर तीन तास. त्याने हिशेब पुसला. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग गप्प बसा."

गप्प बसणं त्याला जमायचं. पण चौदाव्या दिवशी संध्याकाळी मास्तर वही मिटत म्हणाले, "तीनशे सत्त्याहत्तर झाले. खालून काही हाती लागत नाही. उद्यापासून नऊ हजार नऊशे नव्व्याण्णववरून उलटं यावं म्हणतो."

शिंप्याच्या हातातली सुई थांबली. "सकाळी अजून नऊ तेवढे करा की."

"नऊच का?"

"पान पुरं होईल."

मास्तरांनी पान पाहिलं. पान पुरं व्हायला अजून तेवीस ओळी होत्या. त्यांनी वही काखेत मारली.

पंधराव्या दिवशी अकराच्या सुमारास गाडीतून बातम्या ऐकू येऊ लागल्या. शिंपी बाहेर आला. मास्तर वहीत बरोबरची खूण करत होते.

"लागला," ते म्हणाले. "तुम्हाला कधीपासून ठाऊक होता?"

"चौथ्या दिवसापासून."

शिंप्याला वाटलं, आता हे उठून जाणार आणि बहिणी-बहिणींचं बोलणं बंद होणार. मास्तरांनी चष्मा पुसला.

"हिने सांगितलं असेल, राहू द्या म्हणून."

"हो."

"हं." त्यांनी पुन्हा वही उघडली आणि पहिल्या पानापासून फुल्यांवरून नजर फिरवली. "उत्तर माहीत असलं की रीत तपासून घेता येते. रीत बरोबर होती."

बायको चहा घेऊन आली. तिघांनी गाडीला टेकून हवामानाचा अंदाज ऐकला. बातम्या संपल्या, तसं मास्तरांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, मग स्टिरिओवरच्या.

"हे मघाशीच लावलं होतं मी. एक मिनिट मागे पडलंय," ते म्हणाले. "दिवसाला किती पडतं ते बघावं लागेल."

शिंप्याने गाडीची किल्ली त्यांच्याच हातात राहू दिली.