थोरलीचा जबडा

"टाचण्या दातांत धर, म्हणजे हात मोकळे राहतात. आणि वायफळ बडबडही होत नाही," असं शिवणाच्या मास्तरांनी थोरलीला कामाच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मास्तर जाऊन बरीच वर्षं लोटली, पण थोरलीने त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. शिवणाच्या कारखान्यात गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा टाचून मापाला बसवायचं काम तिच्याकडे. दातांत टाचण्यांची रांग धरलेली; दोरा तोडायचा तर तोही दातांनीच, कात्री हाताशी असली तरी. हसायचं ते डोळ्यांनी.

घरी धाकटी बहीण अंथरुणाला खिळलेली. दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. धाकटीची मूत्रपिंडं निकामी झाली होती, नजरही मंदावली होती; कान तेवढे तिखट राहिले होते. तिनेच एकदा विचारलं,

"ताई, जेवताना तुझ्या तोंडातून टक्-टक् कसलं येतं गं?"

"चावतेय."

"उकडलेला बटाटा?"

"गप जेव."

थोरलीचं कानाजवळ दुखायचं; तिला वाटायचं, कानच दुखतोय. तिने कानात थेंब घालून पाहिले. सकाळी उठावं तर कानशिलं ठणकत असायची. शेवटी कानाच्या डॉक्टरांनी कान स्वच्छ असल्याचं सांगून तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. बाईंनी तिच्या दोन्ही कानांच्या पुढ्यात बोटं टेकवली, तोंड उघडायला-मिटायला लावलं, दातांच्या झिजलेल्या कडा पाहिल्या.

"झोपेत दात खाता का?"

"बहीण म्हणते तसं."

"आणि दिवसा काय खाता? पुढच्या दाताला खाच पडलीय."

"टाचण्या," थोरली म्हणाली, आणि दोघींनाही हसू आलं.

मग बाईंनी समजावून सांगितलं. जबड्याचा सांधा अगदी कानापुढेच असतो, म्हणून कान दुखल्यासारखं वाटतं. नुसता आवाज येत असता तर काळजी नव्हती. पण दुखतंय, आणि तोंड उघडताना जबडा एका बाजूला ओढला जातोय. "टाचण्या बंद. दोऱ्याला कात्री. मऊ खा, शेक घ्या. चावायचं नसेल तेव्हा दात एकमेकांना टेकवू नका. रात्री दातांवर बसवायची पट्टी करू, तिच्या मापाला या. आणि तोंड अडकलंच तर घरी ओढाताण करू नका, वाटही पाहू नका. लगेच या. लवकर आलं की सुटायला सोपं जातं."

मापाला जायचं ठरलं, आणि त्याच सुमारास धाकटीचं दुखणं उलटलं. थोरली रोज पहाटे प्रार्थनेला बसायची. त्या पहाटे तिने मनोमन बोलून ठेवलं : धाकटी उठून बसेपर्यंत माझ्या देहाला औषध नको, शेक नको. माझं दुखणं तिच्या दुखण्यापोटी वळतं करून घे, देवा.

एके सकाळी दात घासायला तिने तोंड उघडलं, ते जेमतेम बोटभर उघडून अडलं. तिने बोटं घालून जोर लावला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. जबडा काही हलला नाही. त्या दिवसापासून दोघींनाही पातळ सूप.

"वा," धाकटी म्हणाली. "आता आजारी कोण, ते येणाऱ्याला सांगावं लागेल." मग चमचा खाली ठेवून, "बाईंकडे गेली नाहीस ना?"

"तू बरी हो, मग," थोरली दातांआडून म्हणाली.

"म्हणजे नवस."

थोरलीने तिची चादर सारखी केली.

"ताई, तुझा जबडा आवळला म्हणून माझं एक तरी दुखणं हललं असतं, तर मला कळलं असतं. मीच राहते की या देहात."

"देवाशी बोललेलं मोडू कसं?"

"माझ्यासाठीच बोललीस ना? मग मीच तुला सोडते. दवाखान्यात जाशील, असं वचन दे."

"जाईन. तुला जरा उतार पडू दे."

"उतार पडायचा नाही गं," धाकटी शांतपणे म्हणाली. "वचन दे."

थोरलीने तिच्या हातावर हात ठेवला. पण गेली नाही. बहिणीला सोडून जायला पाऊल उचललं नाही.

शेवटच्या दुपारी धाकटीला थोरलीच्या तोंडून प्रार्थना ऐकायची होती. थोरली तिच्या कानाशी वाकली. एव्हाना जबडा आणखीच आवळला होता. शब्द दातांमागे चेंगरत राहिले, बाहेर आली ती नुसती घुणघुण.

"स्पष्ट म्हण ना, ताई. कळत नाही," धाकटी म्हणाली. पुन्हा म्हणाली. त्यानंतर ती बोलली नाही.

थोरलीच्या छातीतून हंबरडा उठला, तोही दातांशी येऊन थडकला आणि नाकातून घरघरत बाहेर पडला. दाराशी उभी असलेली शेजारीण दुसरीला म्हणाली, "एक हाक नाही मारली बहिणीला. सुटल्यासारखं वाटत असेल हो." थोरलीने ते ऐकलं. उत्तर द्यायला तोंड उघडेना.

सगळं आटोपलं, माणसं आपापल्या घरी गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीसारखी प्रार्थनेला बसली. या वेळी तिने काही मागितलं नाही, काही बोलून ठेवलं नाही. उजाडल्यावर धाकटीची चादर घडी करून पलंगावर ठेवली, केस विंचरले, पायांत चपला सरकवल्या.

जिन्यात शेजारणीने विचारलं, "एवढ्या सकाळी कुठे?"

थोरलीने कानापुढे बोट टेकवलं आणि कठडा धरून, सावकाश, दवाखान्याकडे निघाली.