ऋतुजाच्या सिस्टर

पुण्याहून आलेल्या फादरांना मी चहा दिला, पण माझं सगळं लक्ष नीलम्माच्या तोंडाकडं. ही माझी धाकटी जाऊ. फादर विचारतील त्याला नुसतं 'व्हय' म्हणायचं, तर बाई मख्ख बसलेली.

आमच्या गावातल्या शुक्रवार पेठेत सिस्टर बेनिटा दवाखाना चालवायच्या. नीलम्माची जुळी, अमरेश आणि ऋतुजा, त्यांच्याच हातांवर जन्मली. सिस्टर वारल्या, आणि पुढच्याच वर्षी दोन्ही लेकरांना डेंग्यू झाला. अमरेशची तर डॉक्टरांनी आशाच सोडली होती. तो वाचला. साधा ताप म्हणून जनरल वॉर्डात ठेवलेली ऋतुजा गेली. नीलम्मानं हॉस्पिटलात सिस्टरांचा फोटो नेला होता, त्यानंच अमरेश वाचला, असं गल्लीभर झालं आणि पार चर्चपर्यंत पोचलं.

"सिस्टरांना धन्यवादित घोषित करावं, असे प्रयत्न चाललेत," फादर म्हणाले. "त्यांच्या मध्यस्थीनं घडलेला एक चमत्कार त्यासाठी सिद्ध व्हावा लागतो."

"धन्यवादित म्हंजे?" नीलम्मानं विचारलं.

"त्या स्वर्गात देवाजवळ आहेत, असं चर्च जाहीर करतं. मग त्यांच्या नावानं भक्ती करता येते."

"म्हंजे देवापाशी हायत, हे पक्कं?"

"होय."

तिचे डोळे भरून आले. भाकरी थापता थापता ही मला रोज विचारायची, "अक्का, माजी पोरगी आता कुटं असंल?"

"अमरेशसाठी तुम्ही फक्त सिस्टरांचाच धावा केला होता ना?" फादरांनी विचारलं.

"व्हय म्हण की गं," मी कुजबुजले.

"न्हाय," नीलम्मा म्हणाली. "त्याच्यासाठी सगळं घर सिद्धेश्वराला नवस बोलत आयसीयूच्या दारात हुतं. पोरीपाशी माज्याबिगर कोणच न्हवतं. फोटो तिच्या उशाला हुता. सिस्टर, हिला तुमीच सांभाळा, म्हणत बसले मी."

फादरांनी हातातली वही मिटली. "मग हा चमत्कार धरता येणार नाही, ताई," ते हळू आवाजात म्हणाले आणि उठले.

ते गेल्यावर मी भडकले. "एक व्हय म्हणली असतीस, तर सिस्टर देवापाशी, अन् त्यांच्यासंगं पोरगीबी, हे पक्कं झालं असतं की तुजं!"

बाहेर अमरेश सायकलची घंटी वाजवत होता. नीलम्मानं पदरानं तोंड पुसलं.

"लई वाटलं म्हणावं, अक्का. पण नवस त्याचा, डॉक्टर त्याचे, माणसं त्याची. सिस्टर तेवढ्या तिच्या हुत्या. त्याबी त्यालाच कशा देऊ?"