मैनेच्या जबड्यावर आखाड्याची माती

सोमवारी सकाळी सहा वाजता मैनेनं कडबा तोंडात घेतला, दोनदा चावला आणि गव्हाणीत टाकून दिला.

मैना ही नेसरीच्या बयाबाईंची जर्सी गाय, वासरू असल्यापासून त्यांनीच वाढवलेली. तिच्या डाव्या जबड्यावर गाठ होती. ती लिंबाएवढी होती तेव्हाच बयाबाई डॉक्टरला बोलवा म्हणाल्या होत्या. पण त्यांचे यजमान गणपतराव गावच्या तालमीचे वस्ताद. गावातल्या पैलवानांची सूज त्यांच्या हाताखाली उतरते. त्यांनी आखाड्यातली तांबडी माती ताकात कालवली, गाठीवर थापली आणि रोज संध्याकाळी तेल लावून रगडायला सुरुवात केली. गाठ नारळाएवढी झाली.

"उतराय लागलीया," ते रविवारीही म्हणाले होते.

"व्हय की. आता लंगोट तेवढा बांधा तिला."

सोमवारी मात्र बयाबाईंनी स्वतःच फोन लावला. डॉक्टर निशिगंधा कांबळे नऊ वाजता आल्या. गाठ दगडासारखी घट्ट होती आणि खालून पू येत होता.

"वस्ताद, ही सूज नाही, हाड वाढलंय. कुसळानं तोंडात जखम झाली, तिथून जंतू हाडात शिरले. रगडून तुम्ही गाठ फोडलीत."

"आमच्या हातानं कितीक पोरं बरी झालीत, बाई."

"पोरं दुखलं की बोंबलत्यात," बयाबाई म्हणाल्या. "ही बिचारी मुकी."

गाय गाभण नाही याची खात्री करून डॉक्टरांनी मानेच्या शिरेतून आयोडीनचं औषध सावकाश सोडलं, मग जंतूंवरचं इंजेक्शन दिलं.

"गाठ जाईल न्हवं?" बयाबाईंनी विचारलं.

"गाठ राहणार. वाढायची थांबली तर गाय वाचली. नाही थांबली तर दात पडतील, चावता येणार नाही, मग आपल्या हातात काही नाही. आणि मी सांगेपर्यंत दूध डेअरीला घालायचं नाही, घरातही प्यायचं नाही."

"वस्तादांचा खुराक बंद!" बयाबाई हसल्या, पण हात मैनेच्या पाठीवरच होता.

गुरुवारी मैनेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"रडतीया," गणपतराव म्हणाले. "माझ्या हाताबिगर करमंना तिला."

"सुटले म्हणून रडत असंल."

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की अंगात आयोडीन पुरेसं झालं की असं पाणी येतं; ते थांबेपर्यंत पुढचं औषध द्यायचं नाही. शनिवारी येऊन त्यांनी मैनेचं तोंड उघडलं. मागची एक दाढ हलत होती. गाठ थांबली का, हे इतक्यात सांगता येणार नाही, एवढंच त्या बोलल्या. गणपतरावांनी हात मागं बांधले होते.

रविवारी सकाळी मैनेचा डावा डोळा कोरडा होता. उजव्यातून अजून पाणी येत होतं; पुढच्या औषधासाठी थांबायचंच होतं.