रडणाऱ्या बाळाची कॅसेट

"आपा, नावं तेवढी पुसून टाकू. गाणी राहू देत."

शेजारचा एर्गाश-अका हे म्हणाला तेव्हा मी त्याच्या तळहातावरच होते, त्यामुळे शब्द न् शब्द मला ऐकू आला. मुहय्यो-आपानं ते हसण्यावारी नेलं. आणि मित्रांनो, खरं सांगते, मीही मनातल्या मनात हसले. त्या हसण्याची भीती अजून माझ्या फितीत गुंडाळलेली आहे.

मी एक जुनी कॅसेट आहे. माझा एक कोपरा टवकला आहे आणि फीत दोन ठिकाणी चुरगळली आहे. फार उत्तरेला, जिथे वर्षातले सहा महिने खिडकीला बर्फ चिकटलेला असतो, अशा एका कारखान्यात माझा जन्म झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईनं मला उजेडासमोर धरून पाहिलं आणि खोक्यात ठेवलं. तिथून आगगाडीनं मी ताश्कंदच्या मुलखातल्या मार्गिलान गावी आले. दुकानात मला साबणाच्या वड्यांशेजारी जागा मिळाली. कित्येक दिवस माझ्या अंगाला साबणाचा वास येत असे.

मुहय्यो-आपानं मला विकत घेतलं तेव्हा तिला आठवा महिना होता. आमच्याकडे ताईला आपा, दादाला अका आणि आजीला बुवी म्हणतात. ती रेशमाच्या गिरणीत धागे जोडायची. नवरा ट्रक घेऊन महिनोन्‌महिने लांबच्या रस्त्यांवर असे. घरी ती आणि तिची सासू, रिसोलत-बुवी. "बाळाच्या दुपट्याला कापड आणायला गेलीस आणि हे काय आणलंस?" सासूनं विचारलं. "पाळण्याच्या दिवशी तोजीबोय हाफिज गायला येतो म्हणालाय," आपा म्हणाली. त्यावर सासू गप्प झाली. रिसोलत-बुवीला गप्प करणारं नाव सबंध गल्लीत तेवढं एकच होतं.

हाफिज म्हणजे आमच्याकडे गवई. तोजीबोय हाफिजचं गाणं रेडिओवर कधी लागलं नाही. दुकानात त्याची तबकडी कधी आली नाही. तो फक्त लग्नाच्या आणि पाळण्याच्या अंगणांत गायचा, आणि लोक त्याच्यासाठी भिंतींवर चढायचे. त्याची एक रीत होती. ज्या घरी गायचा तिथली नावं तो गाण्यात ओवायचा: घरधनिणीचं, बाळाचं, शेजाऱ्याचं. आमच्याकडे असं नाव ओवलं जाणं म्हणजे आशीर्वादच. ज्याचं नाव आलं तो वर्षभर ताठ मानेनं चालायचा.

तो दिवस मला लख्ख आठवतो. अंगणात तुतीचं झाड, त्याखाली गाद्या, मधे पाळणा. एर्गाश-अका गल्लीत रेडिओ दुरुस्त करायचा. त्यानंच स्वतःचं यंत्र आणून उशीवर ठेवलं आणि मला आत बसवलं. हाफिजनं दुतार जुळवला आणि गायला सुरुवात केली.

"पाळणा हलतो तुतीखाली, मुहय्योच्या घरी,
ओयनिसो गं ओयनिसो, नीज माझ्या परी,
मुक्या पेटीला बोलतं करतो एर्गाश शेजारी…"

एर्गाश-अकाचे कान लाल झाले. बायका हसल्या. नेमकं तेव्हाच पाळण्यातलं बाळ, म्हणजे ओयनिसो, मोठ्यानं रडू लागलं, आणि ते रडणं गाण्यासकट माझ्यात उतरलं. मग हाफिजनं दुसरं गाणं घेतलं. कापसाच्या शेतावर येणाऱ्या विमानाचं. ते पानांवर औषध फवारतं आणि पानांखाली वाकलेल्या शाळकरी पोरांवरही फवारतं. "ओयनिसो, तुझ्या शाळेला तरी शरद ऋतू लाभू दे," अशी शेवटची ओळ होती. दुसऱ्या गल्लीतली एक बाई तोंडाला डोक्यावरच्या रुमालाचं टोक लावून उठून गेली. तिचा मुलगा दर शरदात शाळा बंद करून, वरच्या हुकमानं कापूस वेचायला शेतावर जायचा आणि खोकत परत यायचा. रिसोलत-बुवीनं गरम रोट्या पुढे सरकवल्या आणि म्हणाली, "खा. गाणं ऐकलं, आता खा."

त्याच संध्याकाळी एर्गाश-अकानं माझ्या कडेच्या प्लास्टिकच्या दोन चिमुकल्या पट्ट्या मोडल्या. "आता हिच्यावर दुसरं काही भरता येणार नाही," तो म्हणाला. मला जरा दुखलं, पण मी सुखावले.

आठवड्यानं तो प्रती काढायला मला घेऊन जायला आला, आणि तेव्हा त्यानं ते सांगितलं.

"त्या भोकांवर कागद चिकटवतो. नावं येतात तेवढ्या जागा कोऱ्या करतो. दुसरं गाणं साधं नाही, आपा. ते फिरणार."

"अका, माझ्या लेकीचं नाव हाफिजच्या तोंडून आलंय. ते मी पुसू?"

"मनात राहील ना."

"मनातलं शेजारणीला ऐकवता येतं का?" आपा हसली. "आणि तुमचंही नाव आहे की त्यात. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा सरळ."

त्यानं मला तसंच खिशात घातलं. स्वतःच्या नावाविषयी तो तेव्हाही बोलला नाही आणि नंतरही नाही.

मित्रांनो, मग मी आई झाले. दुसरं काय म्हणू? दोन यंत्रं तारेनं जोडायची, एकात मी, दुसऱ्यात कोरी कॅसेट. मी गायचे आणि पलीकडे माझी लेक भरत जायची. अशा माझ्या एक्केचाळीस लेकी झाल्या. कुणी कोकंदला गेली, कुणी ताश्कंदला, कुणी एका शिपायाच्या ट्रंकेत बसून पार समुद्रापर्यंत. लेकींच्या पुन्हा प्रती निघाल्या. निरोप देताना मला वाटायचं, हिला कोण कसं ठेवील? उन्हात टाकतील का? कुणाच्या हाती लागेल? पण प्रत्येकीच्या पोटात मी ती तीन नावं घालून पाठवली आहेत, हे मात्र माझ्या मनात आलं नाही. जी काळजी करायला हवी होती, तेवढीच करायची राहिली.

एर्गाश-अकाच्या दुकानात दुपारी हाफिजचे वेडे जमायचे. या कॅसेटींवर ना तारीख असायची, ना गाव. नावांवरून, नाहीतर भांड्यांच्या आवाजावरून मैफल ओळखायची.

"ही सोनाराच्या लग्नातली."

"काहीतरीच. सोनाराच्या लग्नात हाफिजला पडसं झालं होतं. इथे नाक मोकळं आहे."

"तू होतास लग्नात?"

"भिंतीवर होतो. खाली जागा कुठे होती?"

"मग जेवलास कसा?"

"पलोव वर पोचवला होता त्यांनी. माणुसकी होती तेव्हा लोकांत."

एर्गाश-अका डोळे मिटून ऐकायचा आणि निकाल द्यायचा. दुसऱ्या ओळीआधी हाफिजनं श्वास कसा घेतला, एवढ्यावरून तो अंगण सांगायचा. मला सगळे 'रडणाऱ्या बाळाची कॅसेट' म्हणत. मी फुशारून जायचे.

घरी ओयनिसो मोठी होत होती. दुपारी तिला निजवताना आपा मला लावायची. तिनं एक खेळच केला होता. "ओयनिसो गं ओयनिसो" एवढं झालं की ती यंत्र थांबवायची, आणि शांततेत ती चिमुरडी म्हणायची, "मी आहे." मग आपा पुन्हा यंत्र सुरू करायची. रोज, न चुकता.

ओयनिसोचं दुसरं वर्ष सरत आलं, तेव्हा बातम्या येऊ लागल्या. हाफिजला कुणी बोलवायचं नाही, असं वरून आलं. कापसाचं गाणं ज्याच्याकडे सापडेल त्याची खैर नाही. शेजारच्या गावात एका शिक्षकाकडे माझीच एक लेक सापडली. त्या दिवसापासून आपाचं जेवणावरचं लक्ष उडालं. तिनं मला पाळण्याच्या गादीत, भुशाच्या आत शिवून टाकलं. अंधारात पडल्या पडल्या मी मोजायचे, एक्केचाळीस लेकी आणि प्रत्येकीच्या पोटात तीन नावं.

ते सकाळी दहाच्या सुमाराला आले. शिवणीच्या फटीतून मला दिसलं, दोघं होते. एकाच्या हातात यंत्र, दुसऱ्याच्या हातात वही. गिरणीत चार मुहय्यो होत्या, त्यातली ही तिसरी, असं वहीवाला म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्याचीच जास्त भीती वाटली.

"बसा, चहा घ्या," रिसोलत-बुवी म्हणाली.

"चहा नको, आजी. एक गाणं ऐका आणि ओळखीचं वाटतं का सांगा."

"आता या वयात मला गाणी ऐकवायला येता होय? तरुणपणी कुठे होतात?"

वहीवाला हसला. दुसऱ्यानं यंत्र सुरू केलं. गादीतून मी माझ्या लेकीचा आवाज ऐकला. खरखरीत झाली होती बिचारी, पण माझीच होती. पाळणा हलतो तुतीखाली, मुहय्योच्या घरी.

"या नावाच्या पुष्कळ आहेत," आपा म्हणाली. "हे गाणं आम्ही कधी ऐकलेलं नाही."

"ओयनिसो गं ओयनिसो," माझी लेक गायली.

आणि वहीवाल्यानं पुढचा प्रश्न विचारायला म्हणून यंत्र थांबवलं.

त्या शांततेत, आजीच्या मांडीवरून, ती चिमुरडी म्हणाली, "मी आहे."

वहीवाल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग तुतीकडे पाहिलं. ओयनिसो वाट बघत होती. यंत्र पुन्हा सुरू का होत नाही ते तिला कळेना. तिनं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, "मी आहे."

मग त्यांनी पुढची ओळ लावली. मुक्या पेटीला बोलतं करणारा एर्गाश गल्लीत एकच होता.

आपाला त्यांनी नेलं आणि संध्याकाळच्या आत परत पाठवलं. एर्गाश-अकानं सगळं स्वतःवर घेतलं होतं. "कॅसेट मीच भरली, प्रती मीच वाटल्या. त्या बाईला यंत्राचं बटणही कळत नाही," असं त्यानं लिहून दिलं. तो तीन वर्षांनी तुरुंगातून परतला. उजव्या कानानं त्याला काही ऐकू येत नव्हतं, डाव्यानं थोडं. दुकानात तोवर दुसराच कुणी चपला विकत होता. आपा त्याला भेटायला गेली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आपा, चहा घ्या." ती चहा न घेताच परत आली, आणि पुन्हा त्याच्या दारात गेली नाही. माणसाला उपकाराची लाज वाटते, ती अशी.

पण तिनं एक केलं. रोटीवालीला सांगून ठेवलं की रोज सकाळी दोन रोट्या फडक्यात बांधून एर्गाश-अकाच्या कडीला लटकवायच्या. "ठोठावू नकोस हं. माझं नाव सांगू नकोस. लटकव आणि निघून ये." आज पस्तीस वर्षं होत आली. रोटीवालीची सून हे काम करते, तीही ठोठावत नाही.

माझे दिवस मात्र पालटले. आधी बरीच वर्षं मी कपाटामागे धूळ खात पडले. मग हाफिजची गाणी मोकळी झाली. हाफिज तोवर गेला होता. एकदा कॉलेजात शिकणारी एक मुलगी आली. तिनं मला बघून हात गालांवर ठेवले. "रडणाऱ्या बाळाची मूळ कॅसेट! आमच्याकडे नुसती नातवंडं-पतवंडं आहेत हिची." तिनं मला यंत्रात घालून गाणी उतरवून घेतली. आता ती जगभर ऐकतात म्हणे. जाता जाता तिनं विचारलं, "हा एर्गाश कोण?"

"होता एक शेजारी," आपा म्हणाली.

होता. मित्रांनो, तो समोरच राहतो. आमच्या दारापासून तीस पावलांवर.

आता मी खिडकीशेजारच्या कोनाड्यात असते. इथून गल्ली दिसते. एर्गाश-अकाचं निळं दार दिसतं आणि त्याच्या शेगडीचं पत्र्याचं धुराडं दिसतं. रोज सकाळी तो दार उघडतो, रोट्या काढून घेतो, किटली घेऊन नळावर येतो. मग धूर निघतो. मी रोज बघते. आई झोपलेल्या लेकराची छाती वरखाली होते ना ते बघते, तशी मी तो धूर बघते.

ओयनिसो आता ताश्कंदला असते. तिला दुसरं बाळ झालं, म्हणून आपा शुक्रवारी तिकडे गेली. घराला कुलूप आहे. नळाचं पाणी गोठलं आहे, गल्लीत फारसं कुणी फिरकत नाही.

मंगळवारी एर्गाश-अकानं दार उघडलं नाही. मला वाटलं, थंडी आहे, झोपला असेल. बुधवारी रोटीवालीच्या सुनेनं दुसरं फडकं पहिल्याशेजारी लटकवलं आणि सांगितल्याप्रमाणे न ठोठावता निघून गेली. आज सकाळी तिसरं. तीन फडकी कडीला लोंबताहेत. धुराड्यावर बर्फ तसाच आहे.

माझ्यात त्याचं नाव आहे, पण यंत्राशिवाय मला ते उच्चारता येत नाही. कधीतरी नको तिथे ते मी एक्केचाळीस वेळा पोचवलं. आज एकदाच पोचवायचं आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. ज्याचं नाव तुम्ही प्रेमानं गुणगुणता, तो माणूस कसा आहे हे कधीतरी बघत जा. आणि तुमच्यापैकी कुणी मार्गिलानच्या या गल्लीत असेल, तर नळासमोरचं निळं दार. जोरानं ठोठावा, त्याला कमी ऐकू येतं. उत्तर आलं नाही तर थांबू नका, दार ढकला. डाव्या बाजूनं हाक मारा, "एर्गाश-अका," आणि तो काही म्हणतो का, ते बघा.