उंबऱ्याखालचं मडकं

माझा पहिला मुलगा सत्तावीस दिवसांचा होऊन गेला. दात न आलेलं लेकरू आमच्या घरात दूर नेत नसत. सासूबाईंनी, पार्वताबाईंनी, त्याला नव्या मडक्यात निजवलं, वर परळाचं झाकण ठेवून मातीनं तोंड लिंपलं आणि दाराच्या उंबऱ्याला लागून आतल्या बाजूला हातभर खोल पुरलं.

"रोज याच्यावरून येजा कर, मैने," त्या म्हणाल्या. "पाय नोको देऊ, ओलांडून जाय. रस्ता घरचाच हाय त्याचा. पोटी येईन परत."

मी वर्षभर ओलांडत राहिले. तो आला नाही. तेवढ्यात कापसाचा भाव चढला. समुद्रापलीकडे कुठं लढाई लागली होती म्हणे, आणि त्यापायी अकोल्यातल्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या लागल्या. माझे मालक नत्थुजी यांनी मळ्यात माडीचं घर बांधलं आणि बार्शीटाकळीच्या वाटेवरचं जुनं घर एका पाद्रीसाहेबाला राहायला दिलं. मला कोणी विचारलं नाही.

"अन् ते मडकं?" मी सासूबाईंना विचारलं.

"जिथं हाय तिथं राहू दे. मधातूनच रस्ता मोडू नये."

साहेबाच्या मडमला घरकामाला बाई हवी होती. मी जाऊन उभी राहिले. नत्थुजी संतापले. "माडीच्या घरची बाई फिरंग्याच्या घरी झाडू मारते का वं? उद्या लोक म्हनतीन, नत्थुजीची बायको बाटली!"

"घर आपलंच हाय. आपलंच झाडून राहिली मी," मी म्हटलं आणि गेले.

मडम माझ्याच वयाची होती. तिनं भिंतींना चुना दिला, खिडक्यांना लुगड्याचे पडदे लावले, आईची तसबीर टांगली, आणि जात्याच्या जागी एक मोठी पेटी ठेवली. तरी ते घर काही तिचं होईना. सरकी काढणाऱ्यांकडून उडालेला कापूस दिवसभर आत येई. मी झाडून काढी, आणि वळून बघावं तर तो पुन्हा उंबऱ्यापाशी गोळा झालेला असे. दुसऱ्या कुठल्या कोपऱ्यात नाही. तिथंच.

मडमचं मराठी पोथीतल्यासारखं होतं. "मैनाबाई, आपण दारातून उडी का मारता?"

"सवय हाय."

ती मात्र उंबऱ्यावरच बसायची. तिथं वारा लागतो म्हणून पाय आत सोडून, शिवण घेऊन दुपारभर.

"तिथं नोका बसू, मडम."

"का बरे?"

काय सांगणार? मी भांडी घासायला गेले. एकदा तिनं मला हाक मारली आणि उंबऱ्याजवळच्या जमिनीवर हात ठेवायला सांगितला. "इथली भूमी उबदार आहे. बाकीचे घर थंड आहे." मी हात ठेवला. माणूस नुकतंच उठून गेल्यावर अंथरुणाला असते, तशी ऊब होती.

त्याच महिन्यात तिनं लाजत सांगितलं की तिला दिवस गेले आहेत. मी तिच्याकडे बघत राहिले. मी दीड वर्ष ओलांडत होते आणि ही चार महिने नुसती बसली होती. तो कुणाकडे निघाला आहे, ते मला कळलं.

पाचव्या महिन्यात ती उंबऱ्याला अडखळून पडता पडता वाचली. साहेबानं किसनराव सुताराला बोलावलं. गुरुवारी उंबरा काढायचा, खाली खणून जमीन सपाट करायची, असं ठरलं.

बुधवारी दुपारी साहेब बाजारात पुस्तकं वाटायला गेला. मडम आतल्या खोलीत निजली होती. मी खुरपं घेतलं. माती सहज सुटत गेली. मडकं हाताला लागलं, मी उचललं. इतक्या दिवसांत ते हलकं व्हायला हवं होतं. ते सत्तावीस दिवसांच्या लेकराएवढं जड होतं.

आत मडम झोपेतच तिच्या भाषेत काही बोलली. शब्द मला कळले नाहीत. पण दूर जाणाऱ्याला माणूस असंच बोलावतं. मी खड्ड्यापाशी बसून राहिले. सासूबाईंचं बोलणं मी विसरले नव्हते. ठेवून द्यावं असंही एकदा वाटलं. मग मी ते टोपलीत घातलं, वर फडकं टाकलं, जमीन लिंपली आणि घरी आले.

माडीच्या घराच्या दारात मी त्याला पुरत होते तेव्हा सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काय केलंस वं हे?"

"माहं होतं. आनलं."

"वाटंत होता तो, मैने. अर्ध्या वाटंतून ओढून आनलास."

तिसऱ्या दिवशी मडम पोटावर हात ठेवून मला म्हणाली, "आज हा हालत नाही." आठव्या दिवशी मेलेला मुलगा झाला. साहेबानं त्याला मोर्णा नदीपलीकडे पुरलं. मी काम सोडलं.

वर्षाच्या आत मला मुलगा झाला. नत्थुजींनी गावभर साखर वाटली, नाव जानराव ठेवलं. पोर गुटगुटीत होतं. पण माझ्या आवाजाला ते मान वळवत नसे. रविवारी पाद्र्याच्या घरचं गाणं शेतावरून ऐकू आलं की दूध सोडून कान देई.

"भजनी निंगते का काय पोट्टं!" नत्थुजी हसायचे. सासूबाई हसत नसत. त्यांनी त्याला कधी मांडीवर घेतलं नाही.

जानराव सात महिन्यांचा होता तेव्हा पाद्री कुटुंब अमरावतीला निघालं. त्यांची गाडी आमच्या फाटकाशी थांबली. मडम उतरून आली. आपलं पोर गेल्यापासून तिनं कुणाचं तान्हं पाहिलं नव्हतं, असं लोक सांगत.

"एकदा घेऊ?" तिनं विचारलं.

नाही कसं म्हणणार? मी दिला. जानरावनं तिच्या झग्याला दोन्ही मुठींनी धरलं, गाल तिच्या खांद्यावर टेकला आणि डोळे मिटले. माझ्याजवळ तो असा कधीच निजला नव्हता. मडम हसली, मग रडली. "मैनाबाई, पाहा. हा मला ओळखतो."

तेव्हा सांगता आलं असतं. शब्द तोंडात आला होता. साहेबानं गाडीतून हाक मारली.

मी हात पुढे केले. पोरगा आला नाही. मग मी त्याचं एकेक बोट तिच्या झग्यातून सोडवलं. दहाही बोटं. मला वाटलं, आता आकांत करील.

तो रडला नाही. गाडी अमरावतीच्या रस्त्याला लागली, तिची धूळ खाली बसली, तरी त्यानं तिकडे पाहिलं नाही. पहिल्यांदाच तो माझ्याकडे टक लावून बघत होता.