दोनशेच्या वर दोनशेच

खुशालने बनवलेल्या इन्व्हर्टरवर बल्ब नीट पेटत. मोटर लावली की ट्रान्झिस्टर जळत. दोनदा जळल्यावर सर म्हणाले, आधी कॉम्प्युटरवर चालवून दाखव, मग तिसरा संच देतो.

तेव्हापासून तो चंद्रपूरच्या तंत्रनिकेतनातल्या कॉम्प्युटरच्या बंद खोलीत बसायचा. सहा ट्रान्झिस्टर म्हणजे सहा स्विच, मोटरीची तीन वेटोळी, सगळं आकड्यांत मांडायचं. प्रिंटर फुल्या छापून व्होल्टेजच्या लाटा काढी. लाटा साफ येत. जळण्याचं कारण दिसत नसे.

उद्या धानोऱ्याला, त्याच्या बायकोच्या, वच्छलेच्या माहेरी, तिचं पुण्यानुमोदन होतं, गेलेल्या माणसाच्या नावाने करायचा बौद्ध विधी. माती दिल्यापासून तो तिकडे फिरकला नव्हता. सासूने, गिरजाबाईने, निरोप धाडला होता, तुमच्याबिगर करणार नाई.

"पाचची गाडी हाय, खुशालभाऊ," शिपाई डोमा दारातून म्हणाला.

"काम अडलं हाय."

"काम अडलं का तुमी? दीड महिना झाला, कागदच फाडून राह्यले."

 खुशाल प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला आणि एका ओळीवर थांबला. दोनशेच्या वर आकडा गेला तर दोनशेच छाप. फुल्या कागदाबाहेर जात, म्हणून पहिल्याच दिवशी त्यानेच ती घातली होती.

ओळ काढून त्याने पुन्हा छापलं. स्विच बंद होताच व्होल्टेजचा आकडा तीन हजारांवर गेला.

बल्बातला करंट स्विचबरोबर थांबतो. मोटरीच्या वेटोळ्यातला एकदम थांबत नाही. त्याला वाट मिळाली नाही तर तो स्विचच जाळतो. खुशालने प्रत्येक स्विचला परतीच्या वाटेसाठी डायोड मांडला. आता करंट हळूहळू उतरला. आकडा जागेवर आला.

साडेचार वाजले होते. डायोड काढून ती ओळ परत घातली असती तर काम अडलेलंच राहिलं असतं आणि कोणाला कळलं नसतं. वच्छलेच्या तापाचं पत्र आलं तेव्हाही काम अडलंय म्हणूनच तो थांबला होता. पोचला तेव्हा अंगणात माणसं जमली होती.

"झालं काय?" डोमाने विचारलं.

खुशालचा हात कीबोर्डवरच होता. "झालं," तो म्हणाला. मग म्हणाला, "धानोऱ्याची बुढी विचारन, डोमाभाऊ. तवा काऊन नाई आले म्हणून."

"विचारन. शिव्याबी देईन. आयकून घ्या. तिनं बोलावं कोनापाशी?"

खुशालने प्रिंटरमधला छापलेला कागद फाडून घेऊन सरांच्या टेबलावर ठेवला, दाराबाहेर काढलेल्या चपला पायात घातल्या. धानोऱ्याची गाडी भरली होती. गडचिरोलीपर्यंत तो उभ्यानेच गेला.