ओढण्याआधी

माझे सासरे, बाबा, शाळेत खेळाचे मास्तर होते. मुलांची निखळलेली बोटं ते मैदानावरच बसवायचे. मास्तरांच्या हाताला गुण आहे, असं सगळे म्हणत. त्यामुळे माझी सात वर्षांची चिमी जिन्याच्या कठड्यावरून घसरून पडली आणि तिचं कोपर भलतीकडेच गेलं, तेव्हा मी स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत बाबांनी तिचा हात ओढलाही होता. खट्ट आवाज झाला. कोपर मात्र वाकडं ते वाकडंच.

गाडीत ते म्हणाले, "ओढल्याचं डॉक्टरांना सांगायला नको. उगाच राईचा पर्वत करतील."

मी चिमीची बोटं पांढरी पडतायत का, तेवढंच बघत होते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मनगटाची नाडी पाहिली, एक्स-रे काढला. "कोपराचा सांधा निखळलाय. हाड मोडलेलं दिसत नाही, पण आतले स्नायुबंध फाटले असणार." मग चिमीला म्हणाल्या, "डोळे मीट. कुठल्या बोटाला हात लावला, सांग."

"अंगठा. मधलं."

मग ती थांबली. "लावा ना आता."

बाईंनी करंगळी चिमटीत धरलेली होती.

"पडल्यापासून असंच आहे? की कोणी ओढून बघितलं?"

बाबा भिंतीवरचा तक्ता वाचत होते. आठ वर्षांत त्यांच्यासमोर मी आवाज चढवून साधा चहासुद्धा विचारला नव्हता.

"बाबांनी ओढला," मी म्हटलं. "एकदा."

"त्याआधी करंगळी ठीक होती?"

"मला माहीत नाही. मी आत होते."

बाई बाबांकडे वळल्या. "आजोबा, आधीपासून असं असेल, तर सांधा बसवून वाट बघता येईल. ओढल्यानंतर झालं असेल, तर नस सांध्यात अडकली असेल. मग उघडूनच बघावं लागेल. तुम्हालाच ठाऊक."

बाबांनी तक्त्यावरून नजर काढली. मग म्हणाले, "ठीक होती. ओढण्याआधी मी पाचही बोटं तपासली. करंगळी धरली, तर गुदगुल्या नको म्हणाली."

चिमीला आत नेलं. बाकावर आमच्या दोघांत एक माणूस बसेल एवढी जागा राहिली.

"मी नसतो बोललो, पोरी," ते म्हणाले. "तू बोलली नसतीस, तर."

माझ्या मनात राग होता, पण भीतीपुढे त्याला उभं राहायला जागाच नव्हती.

दोन तासांनी बाई आल्या. "नस चिमटली होती. सोडवली. स्नायुबंधही शिवले. करंगळीत जाणीव कधी येईल, ते आज सांगता येणार नाही. काही महिनेही लागतील."

चिमी जागी झाली, तेव्हा प्लास्टरबाहेर आलेली तिची करंगळी मी मुठीत घट्ट धरून बसले होते.

"आई, माझा हात धर ना," ती म्हणाली.

"धरलाय की."

तिने मान वळवून माझ्या मुठीकडे पाहिलं. "मग सांगत जा ना."